“आय हॅड” की “आय’ड”? निर्णय पुढच्या क्रियापदावर सोडा

हॅड आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप, हे पास्ट परफेक्टचं सूत्र मराठी माध्यमात शिकलेल्यांनाही पाठ असतं. पंचाईत होते ती खरं इंग्रजी कानावर पडू लागल्यावर. ज्यांची ती मातृभाषा आहे ते बोलण्याच्या ओघात सर्वनामानंतरचं हॅड सहसा पूर्ण उच्चारत नाहीत. “शी हॅड लेफ्ट”चं “शी’ड लेफ्ट” होतं, “वी हॅड ईटन”चं “वी’ड ईटन”. मग आपण कोणतं रूप वापरायचं? बोलताना आखूड आणि औपचारिक लेखनात पूर्ण, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण ’ड हे एकट्या हॅडचं रूप नाही, वुडचंही तेच रूप आहे. त्यातलं कोणतं, हे फक्त पुढचं क्रियापद सांगतं.

“शी’ड गॉन” म्हणजे शी हॅड गॉन, ती गेली होती.
“शी’ड गो” म्हणजे शी वुड गो, ती जायची, किंवा जर-तरच्या बोलण्यात, ती जाईल.

तिसरं रूप आलं की हॅड, मूळ रूप आलं की वुड. गॉन, सीन, टेकन, रिटन अशी ज्यांची तिसरी रूपं उठून दिसतात, त्या क्रियापदांसोबत ’ड बिनधास्त वापरा. बीनसोबत तर शंकेला जागाच नाही: “आय’ड बीन वेटिंग” किंवा “आय’ड बीन टोल्ड” यांत हॅडच असणार, कारण वुडनंतर बीन थेट येत नाही, बी येतं.

खरा घोळ होतो तो मूळ आणि तिसरं रूप सारखंच असलेल्या क्रियापदांशी. कम, बिकम, रन, पुट, कट, हिट, सेट, लेट, शट ही सगळी याच गटातली. “दे’ड कम होम” हे वाक्य एकटं वाचलं तर ते घरी आले होते की रोज घरी यायचे, हे सांगता येत नाही. समोरासमोर बोलताना संदर्भ मदतीला येतो. ईमेलमध्ये, अहवालात वाचणारा अडखळतो. म्हणून या गटापुरता माझा आग्रह आहे की मजकूर कितीही घरगुती असो, हॅड पूर्ण लिहावं. आखूडच लिहायचं असेल तर मध्ये ऑलरेडी घाला: “दे’ड ऑलरेडी कम होम” म्हटलं की वाचणारा हॅडच समजतो. वाचणे या अर्थाचं क्रियापद तर आणखी फसवं आहे. त्याचं स्पेलिंग तिन्ही रूपांत एकच, उच्चार मात्र मूळ रूपाचा रीड आणि तिसऱ्याचा रेड. म्हणजे बोलताना काहीच अडचण नाही आणि लिहिताना पूर्ण संभ्रम.

उलट एका ठिकाणी आखूड रूपच जास्त चांगलं वाटतं. “आय हॅड हॅड टू सेल द बाइक” हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण दोन हॅड शेजारी पाहून अनेकांना छपाईची चूक वाटते. “आय’ड हॅड टू सेल द बाइक” वाचायला मोकळं आहे. पहिलं हॅड काळ दाखवतं, दुसरं विकावी लागण्यातली सक्ती. आखूड होतं ते पहिलंच. मात्र हॅडच्या जागी हॅव आलं की सगळं पालटतं. “आय’ड हॅव सोल्ड इट” म्हणजे वुड हॅव, मी ती विकली असती.

ही दोन्ही रूपं एकाच वाक्यात भेटतात ती जर-तरच्या वाक्यात: “इफ आय’ड नोन, आय’ड हॅव कम.” मला माहीत असतं तर मी आलो असतो. पहिला ’ड हॅडचा, दुसरा वुडचा. हे एक वाक्य नीट पचलं तर निम्मं काम झालं. मातृभाषक बोलताना “इफ आय’ड हॅव नोन” असंही पुष्कळदा म्हणतात. ते ऐकून समजून घ्यावं, परीक्षेत लिहू नये.

काही जागी मात्र पर्यायच नाही. वाक्याच्या शेवटी हॅडवर जोर येतो, म्हणून “येस, आय हॅड” हे पूर्णच राहतं. प्रश्नात किंवा “हॅड आय नोन” अशा उलट्या रचनेत हॅड आधी येतं, तेही पूर्ण. “आय हॅड ब्रेकफस्ट अ‍ॅट एट” यात हॅड सहायक नाही, मुख्य क्रियापद आहे. तिथे “आय’ड ब्रेकफस्ट” आजच्या इंग्रजीत चालत नाही. नकारात “आय’ड नॉट सीन” ऐवजी “आय हॅडन्ट सीन” रुळलेलं आहे. नावांनंतरचा ’ड बोलण्यात ऐकू येतो, लिहिताना टाळावा. आणि “यू’ड बेटर गो” हा अपवाद लक्षात ठेवावाच लागतो: तिथे हॅड असूनही पुढे मूळ रूप येतं, आणि त्याचा भूतकाळाशी संबंध नाही.

ऐकताना एका गोष्टीचा धसका घेऊ नका. “दे’ड डिसायडेड” यातला ’ड पुढच्या ड-मध्ये मिसळून जातो, “आय’ड बीन” मधला ब-मध्ये विरतो. तो कानाने पकडण्यापेक्षा पुढचं क्रियापद आणि संदर्भ पकडा.

पण दोन्ही रूपांच्या आधी एक प्रश्न आपण मराठी भाषकांनी स्वतःला विचारायलाच हवा: इथे हॅड हवं आहे का? “काल मी बँकेत गेलो होतो” हे मराठीत अगदी सहज आहे, त्यासाठी दुसरी घटना लागत नाही. त्या सवयीने आपण “आय हॅड गॉन टू द बँक यस्टरडे” म्हणतो. इंग्रजीला तिथे साधा भूतकाळ पुरतो: “आय वेन्ट टू द बँक यस्टरडे.” हॅडची गरज पडते ती भूतकाळातल्या एका क्षणाच्याही आधीचं सांगताना: “व्हेन आय रीच्ड द बँक, दे’ड क्लोज्ड द काउंटर.” मी पोहोचण्याआधी काउंटर बंद झालं होतं. अशी दुसरी घटना मनात नसेल तर आय हॅड गॉन आणि आय’ड गॉन दोन्ही सारखेच चुकीचे.

परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. आयईएलटीएसच्या किमान २५० शब्दांच्या निबंधात पूर्ण रूपच शोभतं, तर त्याच परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग या प्रकारात मित्राला लिहायच्या पत्रात ’ड अधिक स्वाभाविक वाटतो. केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेत वाक्य बदलून लिहायच्या प्रश्नात, दिलेला शब्द धरून, दोन ते पाच शब्दांची मर्यादा असते, आणि तिथे आखूड रूप मोजताना पूर्ण रूपाइतके शब्द धरतात. म्हणजे “शी’ड लेफ्ट” हे त्या मोजणीत तीन शब्द आहेत, आणि अपॉस्ट्रॉफी घालून एकही शब्द वाचत नाही.