हायड्रॉलिक हॉपरचा 10/7 मिक्सर: आठ महिने आणि एक सीलकिट

दसऱ्याला पूजा करून घेतलेल्या काँक्रीट मिक्सरला (10/7, म्हणजे एका वेळी सिमेंटच्या एका बॅगेचा माल) आता आठ महिने झाले. एकोणतीस स्लॅब टाकले. पहिले चार महिने तर भेटेल त्याला मी हाच घे म्हणत होतो. आधीच्या वायररोपच्या मशिनला रोपच्या तारा सुटायच्या, क्लच घसरायचा. इथे लिव्हर ओढला की हॉपर, म्हणजे ड्रममध्ये माल ओतणारं मोठं खोरं, तेलाच्या दाबावर एका बॅगेचा माल घेऊन सावकाश वर.

फेब्रुवारीत उंब्रजजवळ स्लॅब चालू होता. दुपारचे तीन, निम्मा बाकी, आणि हॉपर अर्ध्यावर थांबला. हॉपर उचलणाऱ्या दोन जॅकपैकी डाव्याच्या तोंडातून तेल त्याच्या रॉडवरून ओघळत होतं, तेलाच्या टाकीचा तळ दिसत होता. 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल मागवून ओतत ओतत स्लॅब पुरा केला. थांबलो असतो तर कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये कच्चा सांधा, पडला असता आणि पावसाळ्यात तो गळला की घरमालकाने मलाच बोलावलं असतं.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला. सील, म्हणजे जॅकच्या तोंडाशी तेल अडवणारी रिंग, वॉरंटीत येत नाही म्हणे. मशीन घेताना हाच माणूस म्हणाला होता, हायड्रॉलिकला देखभाल अशी काहीच नसते. चार दिवस भांडलो, शेवटी सीलकिट, मजुरी आणि तेल मिळून 2,350 रुपये मीच भरले. तो राग अजून गेलेला नाही.

पण मशीनबद्दलचं माझं मत जॅक खोलला तेव्हा बदललं. फिटरने माझा अंगठा धरून रॉडवरून फिरवला. चकचकीत क्रोमवर खरखरीत बारीक ठिपके लागत होते. वाळलेलं सिमेंट. हॉपर खाली येताना रॉड जॅकमध्ये शिरतो आणि हे ठिपके सीलची कड कानशीसारखी घासत जातात.

आणि ते तिथे आलं आमच्याच धुण्यामुळे! रोज संध्याकाळी पोरं हॉपर वर उचलायची, खालून खरवडायची, पाइपने पाणी मारायची. हॉपर वर म्हणजे रॉड पूर्ण बाहेर. सिमेंटचं पाणी थेट त्याच्यावर, आणि मशीन रात्रभर तसंच उभं. सकाळी हॉपर खाली घेतला की सीलचा आणखी थोडा भाग गेला.

आता हॉपर खाली ठेवूनच धुतो. खालची बाजू साफ करायची त्या दिवशी वर घेऊन आधी सेफ्टी चेन अडकवतो. नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या हॉपरखाली मी कुणालाही हात घालू देत नाही, कितीही घाई असो. दोन्ही रॉडना ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतो, खर्च शून्य. धुऊन झालं की तुकडा काढून रॉड तेलाच्या फडक्याने पुसायचा, अंगठा फिरवून बघायचा, मगच हॉपर खाली. रॉडला तारेचा ब्रश नाही, ॲसिड तर अजिबात नाही.

ड्रमचं तसं सोपं आहे. काम संपलं की दोन घमेली 20 मिमी खडी आणि पाणी टाकून दहा मिनिटं फिरवायचा, पात्यांमागचा मालही सुटतो. जेवणाच्या सुट्टीतही मी हे करायला लावतो, मे महिन्यात पाऊण तासात माल पात्यांना धरतो. वरून हातोडा मारायचा नाही, पोचा पडला की पुढच्या वेळी माल तिथेच बसतो. सकाळी बाहेरून जळक्या तेलाचा हात, आत नाही, आतल्या तेलाने काँक्रीट खराब होतं.

एप्रिलमध्ये आणखी एक चूक सापडली. टाकीतलं तेल दुधासारखं पांढरं झालेलं. धुताना ब्रीदरमधून, म्हणजे टाकीला हवा देणाऱ्या झाकणातून, पाणी आत जात होतं. सगळं तेल बदलावं लागलं. आता धुण्याआधी ब्रीदरवर सिमेंटच्या गोणीतला प्लॅस्टिकचा तुकडा बांधतो आणि चालू करण्याआधी आठवणीने सोडतो, कारण टाकीला हवा लागते.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हायड्रॉलिकच घेईन, फक्त त्या विक्रेत्याकडून नाही. डावा जॅक फेब्रुवारीपासून कोरडा आहे. उजव्याचं सील मूळचंच, कालपासून तोंडाशी ओलं दिसायला लागलंय. सीलकिट आणून पेटीत ठेवलंय, रविवारी खोलणार.