घरचा ओटीजी: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते. घरात पाव, ब्रेड, नानकटाई नेहमी लागत असेल तर ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन-टोस्टर-ग्रिल, जरूर घ्या. वर्षातून दोन वाढदिवसांचे केक एवढंच करायचं असेल तर कुकर पुरे. शिटी आणि रिंग काढायची, तळाशी मीठ पसरायचं, वर जाळी ठेवायची. आपल्याकडे कितीतरी घरांत केक असेच झाले आणि छान झाले. पण कुकरची धग खालून येते. केक शिजतो, पण वरून पांढुरकाच राहतो. पावाला तर वरून आच हवीच. कोकणात धोंडस, म्हणजे काकडीचा केक, करताना टोपाच्या झाकणावर निखारे ठेवत, ते याचसाठी. ओटीजीत हे काम वरची कॉइल करते, आणि माझ्या मते पैसे त्या कॉइलचेच आहेत.

माझा ओटीजी तीस लिटरचा, 1500 वॉटचा. चौघांच्या घराला हे माप योग्य. नऊ इंची चौकोनी टिन आत ठेवून चारी बाजूंनी हवा खेळते. त्याहून लहान घेतलात तर टिन कॉइलच्या फार जवळ येतो आणि पावाची टाळू करपते. ओट्याजवळ 15 अँपिअरचं सॉकेट आहे का, हे आधी बघा. साध्या एक्स्टेन्शनवर हा लावूच नका. विजेची भीती मात्र बाळगू नका. तासभर अखंड चालला तरी दीड युनिट, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून कॉइल बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

ओटीजीसोबतच एक खरेदी करा: आत ठेवायचा छोटा थर्मामीटर. माझ्या ओटीजीची खुंटी 180 वर ठेवली की आत 200 च्या आसपास भरतं. हे कळल्यापासून सगळंच सुधारलं. पुस्तकातलं तापमान बरोबरच असतं, पण प्रत्येक ओव्हन वेगळा तापतो. पंखा लावणार असाल तर आणखी वीसेक अंश कमी ठेवा.

आता पावाबद्दल, कारण आमच्या घरी सगळ्यात जास्त तोच होतो. 500 ग्रॅम मैदा, 300 मिली कोमट दूध-पाणी, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ, 25 ग्रॅम साखर, 40 ग्रॅम लोणी. लोणी शेवटी घालायचं, पीठ एकजीव झाल्यावर. सुरुवातीला पीठ हाताला, परातीला, सगळीकडे चिकटतं. तेव्हा वरून मैदा घालायचा मोह आवरा. दहा-बारा मिनिटं रेटून मळलं की ते आपोआप परात सोडतं. चिमूटभर गोळा दोन्ही हातांनी ताणून खिडकीसमोर धरा. न फाटता त्यातून उजेड दिसला की मळणं झालं. मग ओलं कापड टाकून दुप्पट होऊ द्या, हलक्या हाताने हवा काढा, बारा गोळे करून टिनमध्ये चिकटून चिकटून लावा. पुन्हा फुगले की दुधाचा हात फिरवा आणि 190 ते 200 अंशांवर अठरा-वीस मिनिटं भाजा. बाहेर आले की लगेच लोणी लावून कापडाने झाका. कवच मऊ पडतं आणि लादी हाताने सुटी होते. बटाट्याच्या रश्शाबरोबर हा पाव खाल्लात की विकतच्या पावात काय नसतं ते कळेल.

फुगायला किती वेळ लागेल ते घड्याळावर ठरवू नका. मे महिन्यात पाऊण तासात पीठ परातीच्या काठाला येतं, जानेवारीत त्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो. थंडीत बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीशेजारी पीठ ठेवलं की चांगलं येतं. पावसाळ्यात मैदा दमट असतो, पाणी दोन-तीन चमचे हात राखून घाला.

बरेच जण विचारतात, पूर्ण कणकेचा ब्रेड होतो का? होतो, पण घट्ट होतो. गिरणीची कणीक पाणी जास्त पिते, आणि कोंड्याचे कण ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे जागोजागी तोडतात. मी तीन भाग मैद्याला दोन भाग कणीक घेते. चव गव्हाची येते आणि जाळीही पडते. खपली गव्हाच्या पिठाचे धागे कमजोर असतात, ते नानकटाईला ठेवा. तिथे खुसखुशीतपणाच हवा असतो. नानकटाई 160 वर, वरची कॉइल बंद ठेवून. पावसात ती मऊ पडली तर 150 वर पाच मिनिटं ठेवा. गार झाली की पुन्हा कुरकुरीत.

पावसाळ्यात मोठी काकडी येते, तेव्हा धोंडस करून बघाच. किसलेली काकडी, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची. 180 वर पाऊण तास ठेवलं की वरचा थर खरपूस आणि आतला लुसलुशीत होतो. माझ्यासाठी या यंत्रातला सगळ्यात सुंदर पदार्थ हाच.

तक्रार एकच, पण मोठी. उन्हाळ्यात वरची कॉइल बंद पडली. वॉरंटी होती, तरी कंपनीचा माणूस यायला पंधरवडा गेला आणि तोवर रोज फोन करावे लागले. म्हणून तुमच्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का, हे विचारूनच ब्रँड ठरवा. आणि दार तापलेलं असताना काचेवर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, काच तडकते. पुसायचं ते पूर्ण गार झाल्यावर.