क्यूजीआयएस: नव्या नगररचनाकाराने आधी हेच शिकावे

नगररचनेची पदवी घेऊन पहिल्या नोकरीला लागलेल्यांच्या हाती चौकाचे डिझाइन किंवा नदीकाठाचा आराखडा क्वचितच येतो. येतात ते एकमेकांशी न जुळणारे नकाशे. विकास आराखड्याची स्कॅन केलेली शीट, भूमी अभिलेख खात्याचा गावनकाशा, प्रभागाच्या हद्दीची पीडीएफ, कुणीतरी ऑटोकॅडमध्ये काढलेले रस्ते आणि एक्सेलमध्ये जनगणनेचे आकडे. हे सगळे एकावर एक बसवून 'या आरक्षणाखाली (सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेखाली) कोणते गट (जमिनीचे तुकडे) येतात, किती क्षेत्र जाते' हे नेमके सांगता येणे, हेच सुरुवातीच्या दोन वर्षांचे खरे काम. त्यासाठी क्यूजीआयएस या, नकाशे एकत्र आणून त्यांवर मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरइतके चांगले साधन फुकटात तर सोडाच, पैसे मोजूनही सहज मिळत नाही. थ्रीडी मॉडेल आणि रेंडरिंग नंतर शिकले तरी चालते. हे आधी शिकावे.

गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प मुक्त परवान्याखाली आहे. विद्यार्थ्याची आवृत्ती वेगळी आणि ऑफिसची वेगळी असा प्रकार नाही, मुदत संपून फाईल अडकत नाही. लहान नगरपरिषदेच्या जुन्या संगणकावर, वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या लॅपटॉपवर आणि मोठ्या सल्लागार कंपनीत तेच सॉफ्टवेअर चालते. ८ जीबी रॅमवर प्रभागापुरते काम आरामात होते. शहरभराचे उपग्रहचित्र आणि हजारो गट एकत्र उघडायचे असतील तर १६ जीबी लागते. डाउनलोड करताना सर्वांत नवी आवृत्ती न घेता दीर्घ मुदतीची स्थिर आवृत्ती घ्यावी. नव्या आवृत्तीत प्लगइन (वरून जोडलेली जादा साधने) बंद पडण्याचे प्रकार होतात, आणि ते नेमके सादरीकरणाच्या आदल्या दिवशी लक्षात येतात.

आता याचा सर्वांत मोठा दोष. क्यूजीआयएस चुकीचे उत्तरही तितक्याच शांतपणे देते. नवशिक्यांच्या बहुतेक चुका पृथ्वीवरची जागा आकड्यांत मांडणाऱ्या निर्देशांक प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये होतात. पार्श्वभूमीला ऑनलाइन नकाशा टाकला की प्रोजेक्ट बहुधा वेब मर्केटरवर, म्हणजे ईपीएसजी ३८५७ या क्रमांकाच्या प्रणालीवर जातो. या प्रणालीत विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्र फुगते. पुण्याच्या अक्षांशावर ते सुमारे ११ टक्के जास्त येते, नागपूरला सुमारे १५ टक्के. पुण्यातल्या एका हेक्टरमागे ११ गुंठे हवेतून वाढतात. एखाद्याच्या जमिनीवरच्या आरक्षणाचा तक्ता असा तयार झाला तर त्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत.

उपाय सोपा आहे. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती यांच्यासाठी मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ४३ उत्तर ही प्रणाली, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूर या बाजूला ३२६४४. काम सुरू करण्याआधी प्रोजेक्ट आणि प्रत्येक लेयर (नकाशाचा थर) याच प्रणालीत आणावा. लेयरच्या तक्त्यातले आकडे काढणाऱ्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्र काढण्याच्या दोन पद्धती आहेत, त्यांतला फरक माहीत असावा. 'डॉलर एरिया' ($area) प्रोजेक्टमध्ये निवडलेला पृथ्वीचा लंबगोल धरून मोजते. 'एरिया' आणि कंसात भूमिती लिहिली तर लेयरच्या सपाट निर्देशांकांवरच मोजते. दोन्ही काढून पाहावीत. उत्तरांत ठळक तफावत असेल तर सीआरएस चुकला आहे असे समजावे.

दुसरी हमखास चूक म्हणजे 'सेट लेयर सीआरएस' आणि 'रिप्रोजेक्ट लेयर' एकच समजणे. पहिल्याने फक्त लेयरवरची पाटी बदलते, आकडे तेच राहतात. दुसऱ्याने आकडे नव्याने काढले जातात. अंशांमध्ये असलेल्या पुण्याच्या लेयरला नुसती ३२६४३ ची पाटी लावली तर तो विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन बसतो. नकाशा गायब झाला असे वाटले की आधी हे तपासावे. बफर (वस्तूभोवती ठरावीक अंतराचा पट्टा) करतानाही हीच काळजी घ्यावी. अंतराच्या चौकटीशेजारी 'डिग्री' असे एकक दिसत असेल तर तिथे ५०० लिहिणे म्हणजे ५०० अंश.

स्कॅन केलेली शीट जमिनीवर बसवण्यासाठी जिओरेफरन्सर आहे, आणि या एका साधनासाठीही क्यूजीआयएस घ्यावे. शीट ३०० डीपीआयवर स्कॅन करावी. १:४००० प्रमाणाच्या शीटवर तेव्हा एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ३४ सेंटिमीटर पडतो. पण त्याच शीटवर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ २ मीटर रुंद असते, हे विसरू नये. त्यापेक्षा बारीक अचूकतेचा दावा त्या कागदावरून करताच येत नाही.

नियंत्रण बिंदू (शीटवर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणारे) ८ ते १२ घ्यावेत, चारही कोपऱ्यांकडे आणि मध्ये विखरून. जुने चौक, पुलाची टोके, रेल्वे फाटक, विहिरी, गावातले जुने देऊळ हे बिंदू चांगले. झाडे, नव्याने रुंद केलेले रस्ते आणि उंच इमारतींची छपरे टाळावीत. उपग्रहचित्रात उंच इमारत कललेली दिसते, तिचे छप्पर पायापासून बाजूला पडते. रूपांतर आधी 'पॉलिनोमियल १' ठेवावे. त्यात प्रत्येक बिंदूची चूक दिसते आणि कोणता बिंदू वाईट आहे ते कळते. 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडले की सगळ्या बिंदूंची चूक शून्य दिसते, म्हणून ते अनेकांना आवडते. पण ते शीट ताणून प्रत्येक बिंदूवर बळेच बसवत असते, त्यामुळे चुकीचा बिंदूही बरोबर दिसतो. घडी पडलेल्या, आक्रसलेल्या कागदाला त्याची गरज पडते, तेव्हा तीन बिंदू हिशेबाबाहेर ठेवून नंतर त्यांच्यावर ताळा करावा. शिवाय पार्श्वभूमीचे उपग्रहचित्र स्वतःच काही मीटर सरकलेले असू शकते.

गावनकाशे एकेक गाव स्वतंत्र बसवले की दोन गावांच्या शिवेवर फटी पडतात किंवा गट एकमेकांवर चढतात. ते डोळ्यांना ओढून जुळवू नयेत. आकृत्यांच्या जुळणीतल्या चुका शोधणाऱ्या टोपॉलॉजी चेकरमध्ये 'एकमेकांवर नको' आणि 'फटी नकोत' हे दोन नियम लावून यादी काढावी, मग कोणत्या गावाचे बिंदू कच्चे आहेत ते पाहावे. प्रत्येक गटाचे नकाशातले क्षेत्र सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी ताडून पाहण्याची सवय लावावी. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि १ गुंठा १०१.१७. तुलना करताना पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) धरून एकूण क्षेत्र घ्यावे. फक्त लागवडीयोग्य क्षेत्र घेतल्याने 'नकाशा चुकला' असा निष्कर्ष निघालेली कामे बरीच दिसतात. हे सगळे करूनही क्यूजीआयएसमधली हद्द ही कायदेशीर हद्द नव्हे. ती मोजणी खात्याच्या मोजणीनेच ठरते. नकाशावर तशी टीप हवीच.

ऑटोकॅडच्या फाईलींशी याचे नाते कुरबुरीचे आहे. डीडब्ल्यूजी आयात होते, पण बंद न केलेल्या रेघांचा बहुभुज (क्षेत्र असलेली बंद आकृती) होत नाही आणि अक्षरे सुटी पडतात. आधी ऑटोकॅडमध्येच रेघा बंद करून घेतल्या तर दोन तासांचे काम दहा मिनिटांत उरकते. नाहीतर 'पॉलिगोनाइझ' (रेघांचे बहुभुज करणे), मग 'फिक्स जिऑमेट्रीज' (आकृत्या दुरुस्त करणे), मगच 'इंटरसेक्शन' (दोन लेयरचा सामाईक भाग काढणे), याच क्रमाने जावे. क्रम चुकला तर प्रक्रिया अर्ध्यातच अवैध भूमितीची तक्रार करून थांबते.

नकाशाची माहिती साठवण्याच्या फाईल प्रकारांपैकी जुनी शेपफाईल सोडावी, जिओपॅकेज वापरावे. मराठीत काम करणाऱ्यांसाठी तर हा आग्रहच आहे. शेपफाईल म्हणजे चार-पाच फाईलींचा जुडगा, त्यातली एक ईमेलमध्ये राहिली की सगळे बिनकामाचे. स्तंभाचे नाव १० बाइटांचे आणि मजकूर २५४ बाइटांचा, ही तिची मर्यादा. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते आणि मात्रा वेगळी मोजली जाते, त्यामुळे स्तंभाच्या नावात तीनच चिन्हे मावतात. 'आरक्षण' हा शब्दही बसत नाही. जिओपॅकेजमध्ये हे अडथळे नाहीत, एकाच फाईलमध्ये सगळे लेयर आणि त्यांच्या रंगशैलीही राहतात. सरकारी कार्यालयांतून येणारी जुनी माहिती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, नाहीतर लेबलांच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. एक्सेलमधून प्रभागाचे तक्ते जोडताना '०१' चे '१' होते आणि जोड लागत नाही. हा स्तंभ मजकूर म्हणूनच आयात करावा.

प्रत्यक्ष जागेवरच्या पाहणीसाठी सोबतीला क्यूफील्ड हे मोबाइल ॲप आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ नुसार विद्यमान भूवापराचा नकाशा करावा लागतो. नव्या माणसाला पहिल्यांदा रस्त्यावर उतरवणारे काम बहुधा हेच. त्यासाठीचा फॉर्म ऑफिसात बसूनच नीट बांधावा. वापराचा प्रकार टंकायला न लावता यादीतून निवडायला द्यावा, नाहीतर 'दुकान', 'दुकाने' आणि 'शॉप' अशा तीन नोंदी होतात. तळमजल्याचा वापर आणि वरच्या मजल्यांचा वापर असे दोन स्वतंत्र स्तंभ हवेत. आपल्या गावठाणात खाली किराणा, वर बिऱ्हाड हेच चित्र असते, आणि एकच स्तंभ ठेवला तर अर्धी पेठ निव्वळ वाणिज्य म्हणून निळी होते, राहणारी माणसे नकाशातून गायब होतात. अरुंद गल्लीत फोनचे जीपीएस सहज दहा-पंधरा मीटर भरकटते. म्हणून बिंदू टाकू नयेत, आधीच काढलेल्या इमारतीच्या बहुभुजावर बोट ठेवून माहिती भरावी. वस्तीतल्या घरांचे फोटो आणि कुटुंबांची माहिती सार्वजनिक नकाशावर चढवू नये. अतिक्रमणाच्या कारवाईत तीच माहिती त्या लोकांविरुद्ध वापरली जाऊ शकते.

सामुदायिक नियोजनासाठी या सॉफ्टवेअरचे सर्वांत मोलाचे अंग आहे 'सर्व्हिस एरिया'. अंगणवाडीभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढले की सगळी वस्ती 'सोयीच्या टप्प्यात' दिसते. प्रत्यक्षात मध्ये नाला, रेल्वेमार्ग किंवा सोसायटीची भिंत असते. रस्त्यांच्या जाळ्यावरून ५०० मीटर मोजले की कोणाची मुले किती चालतात ते खरे कळते. रस्ते क्विकओएसएम प्लगइनने ओपनस्ट्रीटमॅपवरून घेता येतात. मोठ्या शहरांत ते बरे आहेत, पण लहान गावांत आणि दाट वस्त्यांत बोळ, पायवाटा गायब असतात. त्या स्वतः काढाव्या लागतात. इथे एक खाच आहे. दोन रेघा नुसत्या एकमेकींना छेदल्या तर क्यूजीआयएस त्यांना जोडलेले मानत नाही, दोघींचा सामाईक बिंदू लागतो. 'स्प्लिट विथ लाइन्स' चालवले नाही तर निकाल विचित्र तोकडे येतात आणि माणूस कारण शोधत बसतो.

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचनांसाठी सहभागी अंदाजपत्रकाची प्रक्रिया आहे. अशा प्रक्रियेत 'आमच्याकडे दिवे नाहीत' या वाक्याबरोबर असा एक नकाशा जोडला की मागणीला जागा, लांबी आणि संख्या मिळते.

बैठकीसाठीचा नकाशा ए-१ कागदावर १:१००० प्रमाणात छापावा, त्यात साधारण ५९० बाय ८४० मीटरची वस्ती मावते. छपाईच्या दुकानात 'फिट टू पेज' केले की प्रमाण बिघडते, म्हणून आकड्यासोबत मोजपट्टीही छापावी. पीडीएफ काढताना मजकूर 'पाथ' म्हणून पाठवावा, नाहीतर जोडाक्षरे फुटण्याचा धोका असतो. देऊळ, बस थांबा, हापसा, पिठाची गिरणी ही नावे लोक म्हणतात तशीच लिहावीत.

रस्त्याचा छेद, सावलीचा अभ्यास, इमारतींच्या आकारमानाचे बारकावे यांसाठी हे साधन नाही. त्यासाठी ऑटोकॅड, स्केचअप किंवा साधी पेन्सिल लागतेच. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतले सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) किंवा चटई क्षेत्राचे (एकूण बांधकामाचे) हिशेबही ते आपणहून करत नाही.

शिकायला रोज एक तास धरला तर साधारण दोन महिने लागतात. त्या दोन महिन्यांत शहरभराचे रंगीत नकाशे करू नयेत. स्वतःला पायी फिरता येईल असा एकच प्रभाग घ्यावा आणि ए-३ वर तीन नकाशे करावेत: विद्यमान भूवापर, त्यावर विकास आराखड्यातली आरक्षणे, आणि अंगणवाडी किंवा उद्यानापर्यंतचे चालण्याचे अंतर. भूवापराला रूढ रंगच वापरावेत, निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक लाल, मोकळ्या जागा हिरव्या. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात सीआरएस, मूळ शीटचे प्रमाण, पाहणीचा महिना आणि जिओरेफरन्सिंगची सरासरी चूक लिहावी. मुलाखतीत समोर अनुभवी नगररचनाकार असेल तर त्याची नजर रंगांवरून आधी त्या कोपऱ्याकडे जाते, आणि पहिला प्रश्न तिथूनच येतो.