बंपर नवा, डिक्कीत पाणी: वाडीतल्या डेंटिंगवाल्याचा अनुभव

नागपूरच्या मनीष नगरात माझा घरगुती डब्यांचा धंदा आहे. गाडीची डिक्की म्हणजे माझं अर्धं स्वयंपाकघर. पावसाची पहिली सर येऊन गेली, दुसऱ्या दिवशी डिक्की उघडली आणि सांबारवडीच्या वासाऐवजी ओल्या गोणपाटाचा वास आला. आधी डब्यांवरच संशय घेतला, एकेकाला नाक लावून पाहिलं. डबे कोरडे. मॅट उचलली तर बाप्पा, स्टेपनी चार बोटं पाण्यात!

मार्चमध्ये छत्रपती चौकात, मेट्रोच्या पुलाखाली सिग्नलला उभी होते तेव्हा मागून एक छोटा हत्ती येऊन धडकला होता. बंपरला दोन ओरखडे आणि थोडा चेपका, बाकी काही दिसत नव्हतं. ड्रायव्हर पोरगा रडकुंडीला आला होता, 3,000 रुपयांवर मिटवलं. मग एका चकचकीत वर्कशॉपमध्ये 6,500 देऊन बंपर रंगवून घेतला. "आत काही नाही ना?" असं मी दोनदा विचारलं. "वरवरचंच आहे मॅडम."

त्यानंतर डिक्की दोनदा आपटल्याशिवाय बसेना. रिव्हर्स टाकला की मागे कोणी नसताना सेन्सर ओरडायचा. दोन्हींकडे मी दुर्लक्ष केलं. सकाळी चाळीस डबे पोचवायचे असतात, सेन्सरचं कोण ऐकतं.

हे गॅरेज मला भाजीच्या टेम्पोवाल्याने सांगितलं. अमरावती रोडवर वाडीला, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांच्या मागे. पाटी आहे, पण उन्हाने तिच्यावरचं नाव पार उडालंय. मिस्त्री साठीचे असतील. त्यांनी बंपरला हातही लावला नाही. आधी माझ्याकडून दहाची नोट मागितली. डिक्कीच्या रबरावर ठेवून दार लावलं आणि नोट ओढली. उजवीकडे ती अडकून, कुरकुरत निघाली. डावीकडे मात्र सुळकन हातात आली.

"इथून पाणी येऊन राहिलं ताई. रबर चांगलं आहे, दाराचं तोंडच सरकलं आहे."

मग बंपर खोलला. खोलण्याआधी स्क्रूवर साचलेली जुनी धूळ दाखवली, पाना लागल्याची खूणच नव्हती. म्हणजे वर्कशॉपवाल्यांनी बंपर न काढताच रंगवला होता! आतला थर्माकोल मधोमध तुटलेला, त्यामागची लोखंडी पट्टी आत दबलेली. मी म्हटलं, बाहेरून तर काहीच नव्हतं. "प्लास्टिक वापस येते जी, लोखंड येत नाही," एवढंच म्हणाले. सेन्सरचंही कोडं सुटलं. बंपरची पकड वाकल्यामुळे तो खाली, रस्त्याकडे तोंड करून बसला होता.

स्टेपनीच्या खळग्यात, कोपऱ्यावर, पातळ पुरीच्या काठाला पडते तशी पत्र्याला चुणी पडली होती. तिथला कंपनीचा सीलंट तडकलेला आणि कडेला गंज लागायला सुरुवात. डिक्कीच्या तोंडाचं माप टेपने तिरपं घेतलं, डावा वर ते उजवा खाली आणि मग उलट. दीड सेंटिमीटरचा फरक. मग गाडीखाली शिरून दोन्ही बाजूंचे मुख्य दांडे मोजले, ते सरळ निघाले. दांडा वाकला असता तर ही गाडी हातात घेतली नसती, जिगवर, म्हणजे गाडी घट्ट पकडून सांगाडा सरळ करायच्या चौकटीवर, पाठवली असती, असं त्यांनीच सांगितलं. या एका वाक्यावर मी गाडी तिथे सोडली.

पत्रा ओढताना मी तासभर उभी होते. चेन लावून थोडं ओढायचं, चुणीच्या कडेकडेने हातोडीने टकटक करायचं, चेन सैल सोडायची, पुन्हा माप. सोडलं की पत्रा थोडा मागे जातोच, म्हणून हवं त्याहून जरासं जास्त ओढायचं. त्यांचा पोऱ्या गॅसची नळी घेऊन आला तर त्याला हाकललं. तापवलं की ताकदीच्या पत्र्याचा दम जातो, म्हणाले. शेवटी नवा सीलंट भरून पोऱ्याला मोबाइलचा टॉर्च देऊन मागच्या सीटवर डिक्कीकडे तोंड करून बसवलं आणि बाहेरून दहा मिनिटं पाइप सोडला. एक थेंब आला नाही.

आता तक्रारी. पाच दिवस सांगून नऊ लावले. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीतच. त्या नऊ दिवसांचं माझं ऑटोभाडं कोण देणार? पक्कं बिल मागितल्यावर तोंड वाकडं झालं, पण दिलं. नवी पट्टी, थर्माकोल, मजुरी, रंग धरून 14,800. डिक्कीखालच्या पट्ट्याचा रंग सावलीत जुळतो, नागपूरच्या दुपारी मात्र अर्धा टोन पिवळट दिसतो. माझं पांढऱ्या गाडीचं नशीब.

विम्याचं मात्र माझंच चुकलं. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, 50 टक्क्यांवर होता, तो घालवायचा नव्हता म्हणून क्लेम केला नाही. पण हा बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या, भागावर नाही. 3,000 परत आले तरी पदरचे 18,300 गेलेच. त्यापुढे तो वाचलेला बोनस काय पुरणार? गाडी उघडण्याआधी क्लेम नोंदवला असता आणि आतलं नुकसान दिसल्यावर दुरुस्तीला हात लावायच्या आत विमा कंपनीच्या सर्व्हेअरला पुन्हा बोलावलं असतं, तर तेही एस्टिमेटमध्ये धरायला सांगता आलं असतं.

वाकलेली पट्टी मी मागून घेतली आणि त्या चकचकीत वर्कशॉपच्या काउंटरवर नेऊन ठेवली. आधी तो पोरगा पट्टीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "मॅडम, हे बाहेरून दिसत नसते."

वाडीला जायचं तर अकरानंतर जा, त्याआधी शटर उघडत नाही. आणि सोबत दहाची नोट ठेवा, माझी त्यांनी परत दिली नाही.