"परवान्याचं मी बघतो" म्हणणाऱ्याला वाडीत पाऊल टाकू देऊ नका

काल रात्री मावसभावाचा फोन आला. १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात त्याच्या परसातले दोन फणस आडवे झालेत. "एक जण कटर मशीन घेऊन आलाय. परवान्याचं मी बघतो म्हणतोय, थोडे पैसे आधी मागतोय," असं तो सांगत होता. मी फोनवरच ओरडले. तो गप्पच झाला, कारण आमच्या घरी काय झालं ते त्याला माहीतच नव्हतं. वर्षभर आम्ही ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार लागलं होतं ते. आज त्यांना विचारून लिहितेय.

गेल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ श्रीवर्धनपासून पार मंडणगड-दापोलीपर्यंत ज्या पट्ट्याला घासून गेलं, त्याच पट्ट्यातलं आमचं गाव. नाव देत नाही. आईआप्पा तिथे दोघंच असतात, मी डोंबिवलीला. पाच दिवस त्यांच्याशी बोलणं नाही. टॉवर पडलेले, वीज गेलेली (ती आमच्याकडे ३४ दिवसांनी आली), त्यात लॉकडाऊन. ई-पास मिळवून ८ जूनला पोचले तर घर रस्त्यावरून दिसेना. बावीस गुंठ्यांची वाडी, त्यातल्या ३१ माडांपैकी १७ उन्मळलेले, पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा एकमेकींवर पडलेल्या. कलमी आंब्याची फांदी माजघराच्या कौलांवर, फणस विहिरीशेजारी, आणि आजोबांनी बांधाला लावलेल्या पाच सागांपैकी दोन मुळासकट उपटलेले. तीन साग उभे होते. हे तीन लक्षात ठेवा.

पाऊस तोंडावर, घरात पाणी, आईच्या पायाला कौल लागून जखम झालेली. गावातला मशीनवाला दिवसाला ३,००० घेत होता, पण त्याच्याकडे वीस दिवस नंबर नव्हता. आप्पा म्हणत होते, "थांबूया, आपला गडी येईल, घाई नको." मी ऐकलं नाही. त्यांच्या वयाचं कारण देऊन मीच त्यांना गप्प बसवलं. हे लिहिताना अजून हात थांबतो.

त्याच संध्याकाळी तो आला. मोटारसायकलवर, मागे कटर बांधलेला, तोंडावर मास्क. एका संस्थेमार्फत मदतीला आलोय म्हणाला. सगळी वाडी फिरून पाहिली आणि आकडा सांगितला, ४२,०००. निम्मे आधी. मी घासाघीस करून आधी द्यायचे पैसे २०,००० वर आणले आणि मनातून खूश झाले. आता कळतं, २०,००० हाच त्याचा आकडा असणार. बँका आणि एटीएम बंद, रोख नाही, असं मी सांगितलं तर म्हणाला, "ताई, खिंडीत वर गेलात की रेंज येते, तिथून टाका." परक्या माणसाला आमच्या खिंडीतली रेंज ठाऊक होती. म्हणजे त्या रस्त्याने तो आधीही कुणाला तरी घेऊन गेला होता. पैसे टाकताना खात्याचं नाव भलत्याच माणसाचं आलं. "मेव्हण्याचं खातं आहे," म्हणाला, आणि मी बटण दाबलं. खात्याचं नाव आणि समोरच्या माणसाचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

९ तारखेला चार माणसं, दोन कटर आणि ट्रॅक्टर आला. आणि त्या दिवशी त्यांनी खरंच काम केलं. कौलांवरची फांदी दोर बांधून, एकही जास्तीचं कौल न फोडता उतरवली. वाट मोकळी केली. आईने त्यांना चहा दिला, भाकरी दिली. मला कुणी वेडी म्हणण्याआधी हे ऐका. आठवडाभर आभाळाखाली झोपलेल्या घरावरचा भार कुणी उतरवला तर तुम्हीसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवाल. लुटणारा पहिल्याच दिवशी लुटत नाही.

१० तारखेला सकाळी मी वाडीत गेले तर सागांवर लाल रंगाने आकडे घातलेले. १, २, ३, ४, ५.

पडलेले साग दोन होते. आकडे पाच.

मी तिथे उभी होते. मी ते वाचले. माझ्या डोळ्यांसमोर उभ्या, सरळ, हिरव्या झाडावर ४ लिहिलेला होता, रंग अजून ओला होता. मी विचारलंसुद्धा, "उभ्या झाडांवर कशाला?" तो म्हणाला, "मुळं हललीत का बघायला खूण केली ताई, पावसात घरावर यायला नकोत." आणि मला ते पटलं, कारण सात दिवसांपूर्वी याच वाडीत पन्नास फुटांचे माड घरापासून हातभर अंतरावर पडले होते. भीती वाटत होती मला. त्या भीतीतच त्याने हात घातला. त्या क्षणी मी फक्त बुंध्याशी वाकून बघायला हवं होतं. मूळ हललं असेल तर बुंध्याभोवतीची माती उचलली जाते, तिला भेगा पडतात. तिथे माती घट्ट होती, गवतही मोडलं नव्हतं. हे मला नंतर दिसलं, खुंट बघताना. एक मिनिटाचं काम होतं. वर्षभर रोज रात्री ते एक मिनिट माझ्या डोक्यात फिरतंय.

त्याच दुपारी त्याने क्रेनचे ८,५०० मागितले आणि साग-फणस हलवायला परवाना लागतो म्हणून ६,००० मागितले. परवान्याचं खरंच होतं, तिथेच तर मी फसले. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, ऐन ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या मालकीच्या जागेत असली तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड बाहेर न्यायला वाहतूक पास. पण हा अर्ज मालक स्वतः करतो. मशीनवाल्याला परवाना काढायला देणं म्हणजे झाडं त्याच्या नावावर करण्यासारखंच. त्याने सातबाऱ्याची झेरॉक्स मागितली आणि एका छापील कागदावर आप्पांची सही घेतली. "परवानगीचा अर्ज" असं वर लिहिलेलं मी वाचलं. खाली "झाडे ____ नग" अशी मोकळी जागा होती. "साहेब मोजून भरतात," म्हणाला. सही करण्याआधी आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारल्याशिवाय, आणि कागदाचा फोटो काढल्याशिवाय, सही करायची नाही. मी डोंबिवलीत ऑफिसात रोज कागद तपासते. तरी झालं.

११ तारखेला आईच्या पायाचं ड्रेसिंग होतं. आप्पा तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि मी ताडपत्रीच्या रांगेत. साडेतीनला परत आलो तर वाडीत कुणी नाही. पाचही साग नाहीत. फणस नाही. उभ्या तीन सागांच्या जागी ताजे पांढरे खुंट. जे माड नुसते कलले होते, माती चढवून टेकू दिला असता तर जगले असते, असे तीनही कापून टाकलेले, बहुधा टेम्पोला वाट करायला. पोफळी ढीग करून विहिरीच्या काठाशी लोटलेल्या. माडाची खोडं तशीच, कारण त्यांना भाव नाही. फोन बंद.

हिशेब लिहिते. दिलेले पैसे २०,००० + ८,५०० + ६,००० = ३४,५००. नंतर गड्यांकडून उरलेली सफाई करून घेतली त्याचे १७,२००. गावच्या सुताराने खुंटांवरून लाकडाचा अंदाज काढून दिला. मधला घेर साडेचार फूट धरायचा, त्याचा चौथा भाग साडेतेरा इंच, त्याचा वर्ग करून १४४ ने भागायचा (म्हणजे चौरस फूट होतात) आणि सोळा फूट लांबीने गुणायचा. एका झाडाचे साधारण २० घनफूट, पाचांचे १००. घनफुटाला त्याने १,५०० धरले. दीड लाख, फणस वेगळा. तुमच्या वाडीत पडलेलं झाड हा कचरा नाही, ते लाकूड आहे. फुकट सफाई करून देतो म्हणणारा नेमकं तेच न्यायला आलेला असतो. आधी टेपने घेर मोजा, मग बोला.

आता कचेऱ्यांचं.

तलाठी आले १६ तारखेला. सरकारने बागांसाठी हेक्टरी ५०,००० जाहीर केले होते, म्हणजे आमच्या बावीस गुंठ्यांचे ११,०००. त्यांनी ढिगाकडे बघून विचारलं, "कुठल्या जागेतली किती पडली हे आता कसं लिहू?" आठ गुंठे लिहिले. ४,००० मिळाले. आप्पा विनवत होते, मुळांचे खड्डे दाखवत होते. पाऊस पडून खड्डे भरले होते. पंचनाम्याआधी काडीही हलवू नका, हलवावीच लागली तर चारही बाजूंनी फोटो, प्रत्येक झाडाचा, तारखेसकट. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं? कुणी नाही.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "अख्खा तालुका पडलाय आणि तुम्ही पाच झाडं घेऊन आलात?" वर्णन विचारलं. मास्क होता, काय सांगणार? गाडीचा नंबर नाही. मग म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कागदावर सही आहे, ही दिवाणी बाब आहे." खोटं सांगून पैसे घेतले, कोऱ्या जागेत आकडा भरला, ही फसवणूक नाही तर काय? फसवणुकीचं कलम कशासाठी असतं? तीन फेऱ्यांनंतर एक एनसी लिहून घेतली. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास नाहीच. मी जिल्ह्याच्या वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली. उत्तर आलं, "संबंधित ठाण्याकडे वर्ग करण्यात आली आहे." म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच टेबलावर.

पण खरी चीड पुढे आहे. ऑगस्टमध्ये आप्पांना वनखात्याची नोटीस आली. विनापरवाना साग तोडल्याबद्दल. आप्पांना! आम्ही कचेरीत गेलो तर फाइलमध्ये आप्पांच्याच सहीचा कागद. मोकळ्या जागेत "५", आणि मजकुराच्या खाली, सहीच्या वर, वेगळ्या शाईत, "सदर झाडे विकली असून रोख रक्कम मिळाली." त्या माणसाला नाक्यावर अडवलं होतं आणि हा कागद दाखवून तो सुटला होता. म्हणजे गाडीचा नंबर तिथे नोंदलेला होता. मी तो मागितला. म्हणाले, पोलिसांनी पत्र दिलं तर देऊ. पोलीस म्हणाले, तुम्ही तिथून लेखी आणा, मग बघू. दोन इमारतींमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर आहे. मी सप्टेंबर ते जानेवारी पाच वेळा डोंबिवलीहून गेले. माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. उत्तर आलं, तपास चालू असल्याने माहिती देता येत नाही. कुणाचा तपास? आप्पांचा! चोराची गाडी कागद बघून सोडायची आणि ज्याचं गेलं त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बाकावर बसवून ठेवायचं. एक हजार दंड भरला त्यांनी. पावती देवघराच्या खणात ठेवलीय, आईलाही दाखवली नाही.

पोलिसांना तपासाचा आदेश द्यावा, असा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायला वकिलांनी आता सांगितलंय. मी आधीच विचारायला हवं होतं. तुम्ही वाट बघत बसू नका. ठाण्यात तोंडी बोलून परत येऊ नका, तक्रार लेखीच द्या आणि प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, शिक्का देत नसतील तर तिथून हलू नका. मशीनवाल्याच्या गाडीच्या नंबरप्लेटचा आणि आधार कार्डाचा फोटो काम सुरू होण्याआधी काढा. मास्क खाली करायला लावा. त्याला वाईट वाटेल म्हणून मी थांबले होते.

मावसभावाला हे सगळं रात्रीच सांगितलं. सकाळी त्याने त्या माणसाकडे आधार मागितलं. "घेऊन येतो" म्हणून तो गेला तो परत आला नाही. तासाभरापूर्वी भावाने परसातला फोटो पाठवलाय. पडलेल्या दोन फणसांवर लाल रंगाने १ आणि २. शेजारी उभ्या असलेल्या आंब्यावर ३. तो फोटो आणि माझ्या एनसीचा नंबर घेऊन तो आत्ता ठाण्यात गेलाय. मी दंडाची पावती आणि आप्पांच्या सहीच्या कागदाची नक्कल त्याला पाठवतेय.