दवाखान्यातला खाऱ्या पाण्याचा टँक: आठ महिन्यांनंतर

ओळखीच्या एका डेंटिस्टने दवाखाना हलवला आणि चार फुटी टँक 'माशांसकट घेऊन जा' म्हणत माझ्या गळ्यात घातला. ऑक्टोबरात तो डोंबिवलीला घरी आला. सोबत सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), एलईडी आणि चार मासे: दोन क्लाऊन, एक डॅमसेल, एक फॉक्सफेस. काच हिरवी, कडांना मिठाचे पापुद्रे. फॉक्सफेस मुळात पिवळाधमक असतो, पण हा चहा सांडल्यासारखा डागाळलेला.

आधी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजणारं उपकरण, लावला. घनता 1.036! समुद्राचं पाणी 1.025-1.026 च्या आसपास असतं. पाणी कमी झालं की दवाखान्यातला पोरगा मिठाचं पाणी ओतायचा. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, त्यामुळे भर गोड्या पाण्याचीच घालायची असते. एका झटक्यात खाली आणायची हिंमत झाली नाही, रोज 0.001 असं करत दहा दिवस घेतले. आणि हो, रिफ्रॅक्टोमीटर घेतलात तर 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) च्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवून घ्या. माझा साध्या पाण्यावर शून्य दाखवायचा आणि खाऱ्यात चुकायचा.

वाळू उचलली तर खाली काळी, सडक्या अंड्याचा वास. आईने सगळ्या खिडक्या उघडल्या. ती वाळू टाकून दिली, दगड टँकच्याच पाण्यात विसळून परत लावले. तरी तिसऱ्या दिवशी टेस्ट किटवर अमोनिया 0.5 पीपीएम. खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त, त्यात अमोनिया जास्त विषारी होतो, त्यामुळे तेवढाही माशांना बाधतो. दोन दिवस लागोपाठ पाणी बदललं तेव्हा उतरला.

माझी स्वतःची चूक म्हणजे किचनमधल्या आरओचं पाणी टँकला वापरलं. त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो नळाचं पाणी थोडं मिसळतो. महिनाभर काचेवर तपकिरी थर येत राहिला. शेवटी डीआय रेझिनवाला (उरलेले क्षारही शोषून घेणारा) वेगळा फिल्टर घेतला, टीडीएस शून्य, आणि थर हळूहळू गेला. दुकानात मला तीन बाटल्या विकल्या होत्या त्यावर उपाय म्हणून. तिन्ही अजून कपाटात आहेत.

स्किमर कामाचा, पण लाडावलेला. फेस जमा होतो त्या कपाच्या मानेला तुपकट थर बसला की फेस चढत नाही, दर चार दिवसांनी पुसावी लागते. पंप घरघरला की व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवायचा, चुना सुटतो. आठवड्याला 40 लिटर पाणी बदलतो, त्याला जवळपास दीड किलो मीठ लागतं. नायट्रेट (माशांच्या घाणीतून साचणारं) किटच्या शेवटच्या, म्हणजे सगळ्यात जास्तीच्या, रंगापर्यंत गेलेलं होतं, चौथ्या महिन्यात 20 पीपीएमवर आलं.

मे महिन्यात पाणी 31 अंशांवर गेलं. चिलर परवडला नाही, सम्पवर दोन पंखे बसवले, दोन अंश उतरलं. त्या बदल्यात रोज पाच लिटर पाणी उडायचं.

कोरल लावलं नाही. कुणीतरी 'आणून देतो' म्हणालं होतं, पण दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे, त्या भानगडीत पडायचं नाही.

फॉक्सफेसच्या पाठीचे काटे विषारी असतात. जाळीतून काढताना बोटात घुसला, तासभर सोसवेल तितक्या गरम पाण्यात बोट बुडवून बसलो. आता तो दिवसा पिवळा असतो. रात्री टँकचा लाइट बंद झाला की पुन्हा डागाळतो, पहिल्यांदा बघून मी घाबरून टेस्ट किट काढलं होतं. झोपेत तो तसाच दिसतो.