कामगंध सापळा चांगला आहे, पण मोजतं कोण?

कापसावरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कृषी केंद्रात मिळणारा नरसाळ्याचा कामगंध सापळा दिसायला अगदी साधा. वर टोपी, टोपीच्या आत ल्यूर (गंधाची गोळी) अडकवायची जागा, खाली नरसाळं आणि त्याला रिंगने बसवलेली लांब प्लॅस्टिकची पिशवी. ल्यूरमध्ये गॉसिप्ल्यूर, म्हणजे मादी पतंगाचा गंध. नर त्या गंधावर येतो, टोपीखाली फडफडतो आणि पिशवीत पडतो. पाचपैकी चार गुण. पाचवा गुण सापळा कोण वाचतं त्यावर.

लावण्याची रीत अशी: पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी, एकरी २, हेक्टरी ५. सापळा पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) शेंड्यापासून फूटभर वर असावा आणि पीक वाढलं की तोही वर सरकवावा. हे बहुतेक वावरांत राहूनच जातं. ऑगस्टात लावलेला सापळा सप्टेंबरात पानांत बुडतो, पतंग कमी पडतात, आणि मालक म्हणतो, औंदा अळी नाही.

मालक वावर पाहतो ते बहुधा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतते, मग दोन्ही सापळे धुऱ्याला आणि नजरही धुऱ्यापुरती. निंदणाऱ्या बाया मात्र प्रत्येक तासातून (ओळीतून) वाकून जातात, फुलं त्यांच्या डोळ्यासमोर असतात. डोमकळी आधी त्यांनाच दिसते: अळीने पाकळ्या धाग्याने शिवून टाकलेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. “भाऊ, हे फूल उमलूनच नाही राह्यलं,” असं बाईने म्हटलं की तो आकडा सापळ्याच्या आकड्याइतकाच मोलाचा, पण वहीत तो कुणी लिहीत नाही. शंभर फुलांत १० डोमकळ्या म्हणजे नुकसानीची पातळी, जिथून फवारावं लागतं ती, गाठलीच. निंदणाच्या दिवशी बायांकडे एक पिशवी द्या, डोमकळ्या तोडून त्यात टाकायला सांगा आणि संध्याकाळी मोजून नष्ट करा.

नावाचाही घोटाळा आहे. अळी गुलाबी म्हणून सगळे गुलाबीच शोधतात. पण अंड्यातून निघालेली अळी पांढुरकी असते, डोकं तेवढं काळसर. गुलाबी रंग मोठी झाल्यावर येतो. शिवाय ती बोंडात शिरली की शिरल्याचं छिद्र बुजतं, बोंड वरून धडधाकट दिसतं. म्हणून एकरी २० हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडायची. त्यांत २ बोंडांत अळी निघाली तर १० टक्के, म्हणजे तीच पातळी झाली. चाळिशी ओलांडलेल्याने चष्मा लावून किंवा दहापट भिंगाने पाहावं. पांढऱ्या सरकीवर पांढरी अळी नुसत्या डोळ्याला सापडत नाही. घरातल्या शाळकरी पोराला ती पटकन दिसते, त्यालाच बसवा.

२००२ साली बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं कापसाचं बियाणं, आलं, २००६ साली त्याची पुढची आवृत्ती बीजी-२. ‘बीटीवाला’ शेतकरी म्हणवून घेताना बोंड फोडून पाहायची सवय सुटली, कारण बीटीत अळी नसते हे ठरलेलंच होतं. २०१७ साली विदर्भात गुलाबी अळीने जे केलं ते पुष्कळांना वेचणीच्या वेळी, कवडी (किडून खराब झालेला कापूस) हातात आल्यावर कळलं.

आता मोजणी. एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग, असे सलग ३ रात्री, ही सापळ्याची पातळी. पिशवी रोज सकाळी रिकामी करायची. तीन दिवसांनी एकदम उघडून २४ मोजले आणि भागिले ३ केलं तर ८ येतात खरे, पण ते २, ३ आणि १९ असेही असू शकतात. मग ‘सलग’ला अर्थच राहत नाही.

पतंग ओळखूनच मोजायचे: राखट तपकिरी, गव्हाच्या दाण्याहून जरा मोठा, पंखांवर काळसर ठिपके. ज्याला फवारायचंच आहे तो पिशवीतला प्रत्येक किडा धरतो. औषधाची उधारी थकली आहे तो पंख तुटलेले सोडून देतो. बटाईत औषधाचा खर्च अर्धा-अर्धा असला की दोन्ही भागीदारांचे आकडे जुळत नाहीत, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. उपाय साधा आहे: एकाने पिशवी पांढऱ्या कागदावर ओतायची, दुसऱ्याने आधीचा आकडा न पाहता मोजायचं, जुळला तरच लिहायचा. औषध विकणाऱ्याला पिशवी दाखवू नका, आकडा सांगा.

जिनिंगजवळच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याजवळच्या) किंवा जुन्या पऱ्हाटीचे ढीग रचलेल्या वावरात सापळा जास्त भरतो. तिथे नुसत्या सापळ्यावर न जाता बोंडं फोडून खात्री करा. उलट सापळा रिकामा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी तुमच्या हिशेबात नाही.

विकत घेताना ल्यूरच्या पाकिटावर गुलाबी बोंडअळीच लिहिलंय का ते वाचा. हिरव्या बोंडअळीचं ल्यूर लावलं तर हंगामभर भलताच पतंग मोजाल. दोन किडींची ल्यूर एकाच हाताने लावू नका, गंध मिसळतो. उघडलेलं पाकीट लगेच वापरा, बाकीची थंड जागी ठेवा आणि पाकिटावरच्या मुदतीत बदला. पिशवीच्या तळाला टाचणीने दोन-तीन भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी साचून पतंगांचा चिखल होतो. काठीला मुंग्या लागल्या तर त्या पतंग नेतात आणि आकडा कमी भरतो. काठीवर ग्रीसचा पट्टा ओढा. डिसेंबरनंतर फरदड (वेचणीनंतरही राखलेलं जुनं पीक) न ठेवता पऱ्हाटी उपटली की टोपी-नरसाळं धुऊन सावलीत ठेवा, पिशवी आणि ल्यूर तेवढं पुढच्या हंगामाला नवं घ्यायचं.